मांजराच्या दातांची निगा

बैलबाजारात बैल पारखणारा शेतकरी प्रथम त्याचे तोंड उघडून पाहतो. बैलाच्या वरच्या जबड्यास पुढचे दात नसतात. खालच्या आठ दातांपैकी दुधाचे किती पडले व कायमचे किती आले, ह्यावरून त्याचे वय ठरते. दुधाचे दात अजून न पडलेला तो आदत. मधले दोन कायमचे आले की दोनदाती. त्यापुढे चारदाती, सहादाती, आणि आठही दात आले म्हणजे जुळलेला. ही विद्या आपल्या जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मुलांस कोणी शाळेत शिकवीत नाही. ती वडिलांच्या मागे उभे राहून येते. परंतु त्याच मुलास, "तुमच्या घरच्या मांजरास दात किती?" असे विचारले तर तो हसू लागतो. मांजराचे तोंडही उघडून पाहावयाचे असते, हेच त्यास ठाऊक नसते. बैल दाम मोजून आणावा लागतो आणि मांजर आपण होऊन घरात येते, हेच ह्याचे कारण असावे.

वस्तुतः मांजराचे मनुष्यावरील उपकार थोडे नाहीत. आपला जिल्हा धान्याचा व कापसाचा. जालना शहर तर बियाण्यांच्या व्यापाराबद्दल दूरवर प्रसिद्ध आहे. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे मांजर, असा हा संबंध फार प्राचीन आहे. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक थडगे सापडले असून त्यात मनुष्याच्या शेजारी एक मांजर पुरलेले आहे. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे शेती करणाऱ्या त्या लोकांनी ती नावेत घालून आपल्याबरोबर नेली, हे उघड आहे. अशा ह्या जुन्या सोबत्याचे सारे सामर्थ्य त्याच्या दातांत असते, आणि त्याचे पुष्कळसे दुःखही दातांतच असते. ते दुःख ओळखावे कसे व टाळावे कसे, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

दातांची संख्या व त्यांचे काम

मांजराच्या पिल्लास जन्मतः दात नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुढचे बारीक दात दिसू लागतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुळे येतात, आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास मागचे दात येऊन दुधाचे २६ दात पुरे होतात. पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचे झाले म्हणजे हे दात पडू लागतात व सहा महिन्यांच्या सुमारास कायमचे ३० दात येतात. पडलेले दात घरात क्वचितच सापडतात, कारण पिल्लू ते बहुधा अन्नाबरोबर गिळून टाकते. त्यात भय नाही. ह्यावरून दिसून येईल की, बैलाप्रमाणेच मांजराच्या पिल्लाचेही वय दातांवरून ओळखता येते. फरक एवढाच की तेथे वर्षे मोजावयाची, येथे आठवडे.

हे ३० दात असे असतात : पटाशीचे दात वर ६ व खाली ६ मिळून १२, सुळे ४, उपदाढा वर ६ व खाली ४ मिळून १०, आणि दाढा वर २ व खाली २ मिळून ४. मनुष्यास ३२ व कुत्र्यास ४२ दात असतात, हे ताडून पाहण्यासारखे आहे. पटाशीचे दात इवलेसे असून त्यांचा उपयोग अंगाचे केस विंचरण्याकडे व हाडावरील मांस कुरतडण्याकडे होतो. सुळ्यांनी भक्ष्य धरावयाचे. उंदराची मान मोडणाऱ्या ह्याच सुळ्यांत मांजरी आपले पिल्लू धरून घरभर हिंडते, आणि पिल्लास ओरखडाही उठत नाही. "मांजरीचे दात तिच्या पिलास लागत नाहीत," अशी म्हण त्यावरूनच पडली. वरची मोठी उपदाढ व खालची दाढ ह्या कात्रीच्या दोन पात्यांसारख्या एकमेकींस घासून जातात आणि मांसाचे तुकडे करतात. मांजराचा जबडा गाईच्या जबड्याप्रमाणे आडवा फिरत नाही, तो केवळ वरखाली होतो. म्हणून मांजर अन्न दळीत नाही. ते तोडते व गिळते.

ह्याच रचनेमुळे मांजर एका संकटातून सुटले आहे. आपल्या दाढांच्या खाचांत गोडधोड अडकून त्यांस कीड लागते. मांजराच्या दाढांस तशा सपाट खाचा नाहीत, आणि गोडाची त्यास आवडही नाही. कारण गोड चव ओळखावयास लागणारा एक गुणसूत्रांतील घटक मांजराच्या जातीत निकामी झालेला आहे. ही गोष्ट २००५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. मांजर दुधाकडे धावते ते त्यातील स्निग्धांशाकरिता व प्रथिनांकरिता, साखरेकरिता नव्हे. तात्पर्य, आपल्यासारखी दातांची कीड मांजरास बहुतेक लागत नाही. परंतु एवढ्यावरून त्याचे दात निर्धास्त आहेत असे मात्र समजू नये.

रोग कसा जडतो

मांजराचा शत्रू दातात नसून दात व हिरडी ह्यांच्या सांध्यात असतो. अन्न खाल्ल्यावर दातांवर जंतूंचा एक चिकट, डोळ्यांस न दिसणारा थर बसतो. तो पुसला गेला नाही तर लाळेतील क्षार त्यात मिसळून दोन-तीन दिवसांत तो कठीण होऊ लागतो. ह्यालाच आपण कीटण म्हणतो. गालाच्या आतून लाळेची नळी वरच्या मागच्या दातांजवळ उघडते, म्हणून कीटण तेथेच अधिक साचते. पिवळट तपकिरी रंगाचा हा थर खरखरीत असल्यामुळे त्यावर आणखी जंतू ठाण मांडतात. मग हिरडीची कड लाल होते. ही पहिली पायरी होय, आणि ह्या पायरीवर दात स्वच्छ केले तर हिरडी पूर्ववत् होते. दुर्लक्ष झाले तर जंतू हिरडीखाली उतरतात, दात धरून ठेवणारे तंतू व हाड झिजू लागते, आणि दात हलतो. झिजलेले हाड पुन्हा भरून येत नाही. म्हणून पहिल्या पायरीवरच थांबविणे, ह्यात सारे शहाणपण आहे.

दुसरा रोग मांजराच्या जातीत फार आढळतो. त्यात मांजराच्या शरीरातील पेशीच त्याचा दात मुळापासून विरघळवू लागतात. हिरडीच्या कडेशी दातावर लालसर खळगा दिसतो. त्यास स्पर्श होताच मांजराचा जबडा थरथरतो. ह्याचे मूळ कारण शास्त्रज्ञांस अजून पुरते उमगलेले नाही. असा दुखरा दात काढून टाकणे हाच बहुधा उपाय असतो. तिसरा रोग म्हणजे साऱ्या तोंडाचा दाह. त्यात घशापर्यंत लाली पसरते आणि प्राणी अन्नापाशी जाऊन उपाशी परततो. ह्या रोगात पुष्कळदा सर्व दाढा, कधी कधी सर्व दात काढावे लागतात. आणि आश्चर्य असे की, त्यानंतर बहुतेक मांजरे पोटभर मऊ अन्न खाऊन सुखाने राहतात. ह्याशिवाय गच्चीवरून वा झाडावरून पडून सुळा मोडणे, ही गोष्टही नेहमीची. मांजराच्या सुळ्यातील नाजूक गर टोकाच्या अगदी जवळपर्यंत असतो. म्हणून केवळ टोक उडालेले दिसले तरी ते क्षुल्लक मानू नये.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मांजरविषयक केंद्राने दिलेला अंदाज असा आहे की, चार वर्षांवरील मांजरांपैकी शेकडा ५० ते ९० मांजरांस दातांचा कोणता तरी रोग असतो. म्हणजे आपल्या गल्लीत मोठी दहा मांजरे असतील तर त्यांतील निदान पाचांच्या तोंडात काही तरी बिघाड असण्याचा संभव आहे.

न बोलणाऱ्याचे दुखणे

येथे कोणी विचारील की, एवढे दुखणे असते तर मांजर ओरडत का नाही? ह्याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे. मांजर स्वतः शिकारी असले तरी देहाने लहान आहे. कुत्रा, कोल्हा व मोठे पक्षी ह्यांचे ते भक्ष्य होऊ शकते. रानात दुबळेपणा दाखविणारा प्राणी प्रथम मारला जातो. त्यामुळे दुखणे लपविणे हा त्याच्या जातीचा जुना धर्म झाला आहे. दात ठणकत असतानाही ते खाते. केवळ खाण्याची रीत बदलते. ती बदललेली रीत ओळखणे हे घरच्या माणसांचे काम आहे.

लक्षणे अशी : तोंडास दुर्गंधी येते, लाळ गळते, क्वचित् तीत रक्ताची छटा असते, मांजर मान एकीकडे कलती करून एकाच बाजूने खाते, घास तोंडातून खाली पडतो, ताटलीकडे उत्सुकतेने येते व एक घास घेताच फिस्कारून मागे सरते, पंजाने तोंड खाजविते, अंग चाटणे सोडून देते, त्यामुळे केसांच्या जटा होतात, डोळ्याखाली सूज येते, कारण वरच्या मोठ्या उपदाढेचे मूळ तेथेच असते, आणि हळूहळू अंग वाळते. मांजराने दोन दिवस अन्नास तोंड लावले नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. उपवासात मांजराच्या यकृतात चरबी साठते व ते जीवावर बेतते. लठ्ठ मांजरास हे भय विशेष.

ही लक्षणे ठाऊक नसल्यामुळे केवढा अन्याय होतो, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. "मांजर आळशी झाले, आता उंदीर धरीत नाही," असे घरात म्हणतात; वास्तविक त्याचा सुळा मोडलेला असतो. "मांजर घाणेरडे झाले, अंगास वास येतो," असे म्हणतात. तो वास अंगाचा नसून तोंडाचा असतो. "मांजर माजले, दिलेले खात नाही," असे म्हणतात. त्यास खाववत नसते. मग एके दिवशी ते पोत्यात घालून गावाबाहेर, नदीपलीकडे सोडून देण्यात येते. ज्याला दाताने भाकरीचा तुकडा मोडवत नाही, त्याने तेथे शिकार करून जगावे, अशी आपण अपेक्षा करतो! पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अपराध आहे. परंतु कायद्याचे भय नसते तरी, रोग कोणता हे कळल्यावर कोणाही विचारी मनुष्याच्या हातून असे होणार नाही.

निगा कशी राखावी

पहिली गोष्ट पाहणे. आठवड्यातून एकदा मांजर स्वस्थ असता त्यास मांडीवर आपल्याकडे पाठ करून घ्यावे. जबडा ताणून उघडू नये. केवळ ओठाची कड अंगठ्याने वर उचलावी व बाजूचे दात पाहावे. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते. दाताच्या कडेने लाल रेघ दिसली तर रोगाचा आरंभ झाला असे समजावे. तांबूस रंगाच्या मांजराच्या हिरड्यांवर व ओठांवर काळे ठिपके असतात. ते बहुधा वर्णाचे असून निरुपद्रवी असतात. पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाल्यावरही दुधाचा सुळा पडला नसेल व त्याच्याशेजारी नवा आला असेल, तर तो जुना दात वैद्याकडून काढवून घ्यावा. नाही तर दोहोंच्या फटीत अन्न साचते.

दुसरी गोष्ट घासणे. मांजराचे दात घासावयाचे, हे ऐकून मुले हसतील. परंतु जंतूंचा थर काढण्यास ह्याहून सरस उपाय नाही. त्याची सवय लहानपणीच लावावी व घाई करू नये. पहिला आठवडा केवळ ओठास व गालास बोट लावावे. दुसरा आठवडा बोटास मांसाचे बिनमिठाचे, बिनकांद्याचे, बिनलसणाचे पाणी लावून ते दातांवरून फिरवावे. मग बोटास स्वच्छ मलमलीचा तुकडा गुंडाळून घासावे. आणि शेवटी लहान मऊ ब्रश घ्यावा. प्रत्येक वेळी नंतर आवडीचा घास द्यावा. दातांची बाहेरची बाजू घासली म्हणजे पुरे. आतली बाजू त्याची खरखरीत जीभ बरीचशी साफ ठेवते. वरच्या मागच्या दातांकडे विशेष लक्ष द्यावे. रोज अर्धा मिनिट घासणे हे सर्वोत्तम. ते न जमल्यास एक दिवसाआड तरी घासावे. मांजर चिडले तर त्या दिवशी तेथेच थांबावे. हिरडी आधीच सुजलेली असेल तर घासण्यापूर्वी वैद्यास दाखवावे, कारण दुखऱ्या जागी ब्रश लावल्यास मांजर पुन्हा कधी तोंडास हात लावू देणार नाही.

तिसरी गोष्ट अन्न. मांजर जात्या मांसाहारी आहे. दूध-पोळी वा दूध-भाकरी दातांस चिकटून राहते, आणि तेवढ्यावर त्याचे पोषणही होत नाही. मांस-मासळीत असणारे टॉरीन नावाचे द्रव्य मांजरास न मिळाल्यास दृष्टी जाते व हृदय दुबळे होते. हृदयाचा हा संबंध १९८७ साली सिद्ध झाला. ज्या घरी मांसाहार होत नाही त्यांनी मांजराकरिता तयार मिळणारे संपूर्ण अन्न आणावे. शिजविलेली हाडे मात्र देऊ नयेत. ती फुटून त्यांच्या धारदार फाकी टाळूत वा घशात रुततात.

जे कदापि करू नये

आपल्या घरांतील दातांची औषधे मनुष्यासाठी आहेत. तीच मांजरास विष होतात. आपली दंतमंजने व टूथपेस्ट वापरू नयेत. मांजरास चूळ भरता येत नाही, त्यामुळे त्यांतील फेसाचे द्रव्य व फ्लोराइड पोटात जाते. मिशरी तर तमाखूचीच असते. ती मांजराच्या तोंडास लावणे म्हणजे विष चारणे होय. आजीबाई दाढदुखीवर लवंगेचे तेल लावतात. ते मनुष्यास गुणकारी असले तरी त्यातील द्रव्य पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार अल्प आहे. ह्याच कारणाने तापावरील पॅरासिटामॉल मांजरास घातक ठरते. एका गोळीनेही ते दगावू शकते. दयेने दिलेल्या गोळीने मांजर मेल्याची उदाहरणे पशुवैद्यांच्या पाहण्यात नेहमी येतात. दया आणि ज्ञान ह्यांची फारकत झाली म्हणजे असे होते. त्याचप्रमाणे नखाने वा टोकदार वस्तूने कीटण खरवडू नये; त्याने दाताचे पातळ कवच चरते व हिरडी फाटते.

एक अत्यंत आवश्यक सूचना

विद्यार्थ्यांनो, येथे सांगितलेली पाहणी केवळ आपल्या घरच्या, माणसाळलेल्या व रेबीजची लस टोचलेल्या मांजराचीच, आणि तीही वडील माणसांच्या देखत करावी. रस्त्यावरील अनोळखी मांजराच्या तोंडास हात लावू नये. लाळ गळणे, जबडा लोंबणे, अन्न न गिळता येणे ही लक्षणे दातांच्या रोगात दिसतात तशी रेबीजमध्येही दिसतात. दोहोंतील भेद तुम्हांस कळणार नाही. मांजराचे दात सुईसारखे अणकुचीदार असल्याने चाव्याची जखम वरून लहान दिसते, पण जंतू खोल जातात. मांजर चावले वा त्याने ओरबाडले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी एका नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोचण्यास आरंभ केला व तो मुलगा वाचला. परंतु रोगाची लक्षणे उमटल्यावर मनुष्य बहुतेक वाचतच नाही. म्हणून शिक्षा होईल ह्या भीतीने चावा घरी लपवून ठेवू नये.

उपचार कोठे व कसा

जिल्ह्याच्या ठिकाणी व तालुक्यांच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. ते केवळ गुराढोरांचे असतात अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. दुखणे अवघड असल्यास परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि जालन्याहून परभणीस रेल्वेने थेट जाता येते. मांजरास दवाखान्यात नेताना झाकणाची टोपली घ्यावी, आणि ते केव्हापासून, कसे व काय खाते हे कागदावर लिहून न्यावे. रोग्यास बोलता येत नाही, तेव्हा वैद्यास हीच माहिती उपयोगी पडते. साचलेले कीटण काढण्याकरिता मांजरास भूल द्यावी लागते, कारण हिरडीखालची सफाई जाग्या मांजराची करता येत नाही. दात काढावा लागेल असे वैद्याने सांगितल्यास भिऊ नये. घरच्या मांजरास दातांवाचून जगता येते. ठणकणाऱ्या दातासह जगणे त्यास अधिक कठीण असते.

ह्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एवढेच करावे : घरात मांजर असल्यास त्याचे वय, ते काय खाते, कोणत्या बाजूने खाते व तोंडास वास येतो की नाही, ह्यांची एका वहीत आठ दिवस नोंद ठेवावी. हात लावण्याचीही गरज नाही. ताटलीपासून दोन हात दूर बसून पाहिले तरी पुरेसे कळते. नोंद वडिलांस दाखवावी, आणि काही विपरीत आढळल्यास त्यांच्याबरोबर दवाखान्यात जावे. प्राणिशास्त्राचा अभ्यास म्हणून ह्या वहीचे मोल आहेच. परंतु त्याहून मोठे मोल असे की, तिच्यामुळे एखादे मांजर पोत्यात जाण्याऐवजी वैद्याकडे जाईल.